एक पंचवार्षिक

आमच्या घरात पाय सहा होते आणि चपलांचे जोड दोन. तिघांनी एकदम बाहेर पडायचं म्हटलं की कोणीतरी अनवाणी, आणि ते कोणीतरी म्हणजे आई, हे ठरलेलं. तिचं म्हणणं, माझ्या टाचेला काटाच घाबरतो. देवळ्याजवळच्या गावात आमची पत्र्याची एक खोली होती आणि रस्त्याच्या पलीकडे एका व्यापाऱ्याचं कांद्याचं खळं. आई खळ्यावर कांदा निवडायची, म्हणजे मोठा एकीकडे, बारकी गोल्टी दुसरीकडे, सडका तिसरीकडे. बाबा त्याच खळ्यावर गोण्या ट्रकमध्ये चढवायचे. शाळा सुटली की मी गोण्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायचे. शेत आमचं नव्हतं, कांदा आमचा नव्हता, फक्त त्याचा वास आमचा होता. वर्गात माझ्याशेजारी बसायला मुली कुरकुरायच्या. मी त्यांना सांगायचे, हा वास घेतला की गणित सुटतं. दोघींनी घेऊनही पाहिला.

हंगाम गेला की खळं बंद पडायचं. मग जेवणात कांदा आणि भाकरी या दोन पदार्थांपैकी एकच असायचा, आणि तो भाकरी नसायचा. बाबा तेव्हा घ्यायचे. सणासुदीला घ्यायचे आणि सण नसेल तर तो शोधून काढायचे. एका वर्षी त्यांनी पोळा दोनदा साजरा केला. आमच्याकडे बैल नव्हता.

मी आठवीत असताना आमच्या वॉर्डात बायकांची राखीव जागा आली. गावातल्या मोठ्या मंडळींनी बैठक घेतली आणि जिला काही म्हणजे काही कळत नाही अशी बाई शोधायला निघाले. ती त्यांना रस्त्याच्या कडेला, कांद्याच्या ढिगाशेजारी बसलेली सापडली. आई ग्रामपंचायतीची सदस्य झाली. सही करायला ती माझ्याकडून शिकली, माझ्याच पाटीवर, आणि माझ्यापेक्षा लवकर शिकली असं ती अजून सांगते. पहिल्याच सभेत ग्रामसेवकानं तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं. इथं सही करा वहिनी.

"वाचून दाखवा," आई म्हणाली.

"एवढं सगळं कशाला वाचायचं, वहिनी?"

"मंग लिवलं कशाला?"

त्या पाच वर्षांत आमच्या वस्तीत नळ आला, गटारीवर फरशी पडली आणि ग्रामसेवकाचे केस पांढरे झाले. दुसऱ्यांदा तिला कोणी उभं केलं नाही. पण एक शब्द मात्र ती तिथून घरी घेऊन आली: पंचवार्षिक. एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंतची पाच वर्षं म्हणजे एक पंचवार्षिक. आमच्या आईनं पुढं सगळंच त्या मापात मोजलं. बाबांची दारू सुटली ती तिच्यानंतरच्या पंचवार्षिकला. शेजारणीची सून आली मागच्या पंचवार्षिकला आणि याच पंचवार्षिकला वेगळी राहिली. वर्षं, महिने वगैरे किरकोळ गोष्टी आमच्याकडे कोणी बोलत नसे.

मी नाशिकला येऊन बी.एस्सी. झाले, संख्याशास्त्र घेऊन. बापाच्या आणि आईच्या, दोन्ही घराण्यांतली ही पहिली पदवी. हे मी लग्नात, बारशात आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगते, तसं इथंही सांगून ठेवते. लाजायला मला वेळ नाही. पुढं गंगापूर रोडवर एका कार्यालयात नोकरी लागली, जवळच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. संख्याशास्त्राचा उपयोग मात्र कुठं झाला नाही. कार्यालयात जी आकडेमोड होती ती शेजारच्या टेबलावरच्या बाई बोटांवर माझ्याआधी करायच्या.

उपयोग व्हायची वेळ आली ती आईच्या लिव्हरपायी.

तिच्या पोटात उजव्या अंगाला दुखायचं. सात-आठ महिने तिनं ते ओव्यावर काढलं. मग मी तिला जवळजवळ ओढूनच नाशिकला आणलं, बाबा मागोमाग पिशवी घेऊन आले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ते बिचारे कुणाच्या अध्यात नव्हते. पण खडे शोधायला निघालेल्या डॉक्टरांना वर लिव्हरमध्ये एक गाठ दिसली. मग रक्त, मग मोठ्या मशिनातली तपासणी, परत रक्त. बी प्रकारची कावीळ आईच्या रक्तात कितीतरी वर्षं मुक्काम ठोकून होती आणि तिनं कधी डोळेसुद्धा पिवळे केले नव्हते. तिच्यातूनच ही गाठ झाली होती.

आता लिव्हर म्हटलं की आपल्याकडे लोकांना एकच गोष्ट सुचते. रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं, फॉर्म भरणाऱ्यानं विचारलं, शेवटी कॅन्टीनमध्ये चहा देणाऱ्यानंसुद्धा विचारलं.

"मावशी, घेत होता का?"

"काय घेत होते?"

"म्हणजे... दारू."

"घ्यायचे ना. हे घ्यायचे," आई बाबांकडं बोट करून म्हणायची. "आमच्या घरात कामाची वाटणीच तशी हाय."

बी कावीळ घरात एकाला असली की सगळ्यांना तपासतात. मला काही निघालं नाही. बाबांना तर काहीच निघालं नाही, लिव्हर एकदम ठणठणीत. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर.

"प्यायले तुमी," आई त्यांना म्हणाली, "आन निकाल माझा लागला."

बाबा आयुष्यात पहिल्यांदा एका परीक्षेत पास झाले होते आणि पुढचे चार दिवस ते मान खाली घालून वावरत होते.

ऑपरेशन करणारे डॉक्टर तरुण होते, दहावीला बोर्डात आल्यासारखा चेहरा. आईला त्यांनी तिच्या तोंडावर मराठीत सांगितलं की हा कॅन्सर आहे, गाठ एकच आहे, लहान आहे, काढता येईल. आईनं विचारलं, काढली तर लिव्हर राहतं किती? ते म्हणाले, राहतं त्याचं परत वाढतं. आई म्हणाली, घासावानी? डॉक्टर शहरातले, त्यांना कळेना. मी सांगितलं की जनावरांना घालतो तो हिरवा घास, वरून कापला की परत फुटतो. डॉक्टरांना ते आवडलं. ते म्हणाले, साधारण तसंच.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मी तोंड उघडलं, आणि इंग्रजीत उघडलं. मला त्या माणसाला दाखवायचं होतं की या बाईबरोबर कोणीतरी शिकलेलं आलं आहे. पुढचं भवितव्य काय, असं मी इंग्रजीत विचारलं. त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. त्यात "फाइव्ह-इयर सर्व्हायवल" होतं आणि त्याच्या पुढं टक्क्यांतला एक आकडा होता.

तो टक्का मी इथं लिहिणार नाही. लिहिला तर तुम्ही तेवढाच वाचाल आणि बाकीची पानं उलटून टाकाल. शिवाय तो आईचा नव्हता, ते पुढं येईलच. अर्थ मात्र सांगते. हा आजार निघालेली शंभर माणसं घेतली तर पाच वर्षांनी त्यातली किती हयात असतात, तो हा टक्का. मला हे समजवायची गरज नव्हती. कॉलेजात आम्ही असल्या रेषा आलेखाच्या कागदावर काढल्या होत्या, जिन्यासारख्या एकेक पायरी खाली उतरणाऱ्या. माझी रेष वर्गात सगळ्यांत सुबक यायची. प्रत्येक पायरीला एकेक माणूस गेलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. फक्त ते माणूस कधी खळ्यावर बसलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

बाहेर बाकड्यावर आम्ही तिघं बसलो. आईनं लगेच विचारलं, "तू काय इचारलंस त्याला, आन त्यो काय म्हनला?"

मी टक्का गिळला आणि वर्षं तेवढी सांगितली.

"पाच वर्षं म्हणाले."

आईनं एका हाताची पाच बोटं मोजली. मग तिचा चेहरा हळूहळू असा उजळत गेला की मला धडकीच भरली.

"म्हंजी एक पूर्ण पंचवार्षिक."

"हं."

"आन हे ऑपरेशन न करता?"

आता इथं शिकलेल्या बाईनं काय करायला हवं होतं? आई, तसं नाही, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "हं." का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. ती खूश दिसत होती, एवढंच.

एका "हं"वर आईनं सरकार स्थापन केलं.

पाच वर्षांची मुदत हातात आली म्हटल्यावर ती कामाला लागली. घरी पोचायच्या आत रिक्षात आराखडा तयार. पहिल्या वर्षी पत्रे बदलायचे. दुसऱ्या वर्षी माझं लग्न, आणि त्याला मी नाही म्हटलं तर तिसऱ्या वर्षी, पण त्यापुढं मुदतवाढ नाही. चौथ्या वर्षी तिला एकदा समुद्र बघायचा होता, लांबून. पाचवं वर्ष तिनं मोकळं ठेवलं. शेवटच्या वर्षात कामं काढायची नसतात, अर्धवट राहिली की पुढचा सदस्य नावं ठेवतो, हा तिचा अनुभव.

आणि पहिल्या दिवसापासून सुरू होणारं एक काम होतं: बाबांना भाकरी शिकवणं. माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरात हा वर्ग भरायचा.

"पाच वर्षात तुमाला भाकर आली पायजे. मी गेल्यावर कोन थापनार?"

"पोरगी हाय की," बाबा म्हणाले.

"पोरगी शिकल्याली हाय. तिला येत नाय."

ते खरं होतं. बाबांची पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिला एक टोक नाकासारखं होतं आणि बाजूला एक बेट. बाबा तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. "नकाशातला नांदगाव तालुका," ते म्हणाले. आईनं ती त्यांनाच खायला लावली.

गावाकडं फोन सुरू झाले. खळ्यावरच्या मैत्रिणींना तिनं स्वतः सांगितलं. कॅन्सर हाय, पन पाच वर्षं भेटली. एक जण रडायला लागली तर हिनं तिलाच दटावलं. "तुला कोन लिवून दिलंय का पाच वर्षाचं? मला दिलंय. तूच जपून रहा."

मी बाजूच्या खोलीत भिंतीला टेकून हे ऐकायचे. लिहून कोणी दिलं नव्हतं. तोंडी दिलं होतं, आणि तेही मी.

आठवड्याभरानं हॉस्पिटलमधून फोन आला, ऑपरेशनची तारीख घ्या म्हणून. आईनंच उचलला. "अजून मुदत हाय माझी," ती म्हणाली आणि ठेवून दिला. मी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटीच डॉक्टरांना भेटले आणि आई तयार नाही, एवढंच सांगितलं. का तयार नाही ते सांगायची हिंमत झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "आज गाठ काढता येण्यासारखी आहे. तुम्ही चार-सहा महिन्यांनी आलात तर हे वाक्य मला परत म्हणता येईलच असं नाही."

म्हणजे माझ्या "हं"मुळं आईची जी काही खरी वर्षं असतील ती चालली होती. आता ते "हं" परत घ्यायचं होतं. कशाच्या बळावर? तर बी.एस्सी.च्या.

रविवारी सकाळी मी जेवणाचं ताट घेतलं, शंभर शेंगदाणे मोजले आणि आई-बाबांना समोर बसवलं.

"आई, हे बघ. ही शंभर माणसं."

"शेंगदाने हायेत."

"समज. या सगळ्यांना तुझा आजार आहे. आता पाच वर्षं गेली." मी काही शेंगदाणे ताटाच्या एका कडेला सारले. किती सारले ते विचारू नका. "हे गेले. हे राहिले. डॉक्टर जे म्हणाले ना, ते हे होतं. पाच वर्षं तुला दिली असं नव्हतं."

आई ताटाकडं बघत होती. बाबांनी कडेचे दोन शेंगदाणे उचलून तोंडात टाकले.

"आवो, मेल्याली मानसं काय खाताय," आई म्हणाली.

"गेलेलेच हायेत की. जिवंत कुठं खाल्ले मी?"

माझा तास तिथंच मोडला. पण आईनं हात पुढं करून ताट स्वतःकडं ओढलं आणि शेंगदाणे खालीवर करायला लागली, खळ्यावर करायची तसे.

"ही शंभर मानसं कोन?"

"कोणीही. ज्यांना ज्यांना हा आजार झाला ते."

"सगळ्यास्नी कावीळ होती का?"

"नाही. काहींना असेल."

"पिनारी किती?"

"माहीत नाही, आई."

"गाठ केवढी होती एकेकाची? लवकर कळलं का मागनं कळलं?"

"ते सगळं मिसळून आहे. काहींना पसरल्यावर कळलं."

आई माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागली ती मी ओळखत होते. रजिस्टर न वाचता पुढं सरकवणाऱ्या ग्रामसेवकाकडं ती तशी बघायची.

"तुला मी आता एक इचारते," ती म्हणाली. "चाळीत भरल्याला कांदा दिवाळीपातूर किती टिकतो?"

उन्हाळ कांदा आमच्याकडं चाळीत साठवतात, खालून-बाजूनं हवा खेळेल अशा लांबट मांडवात. मी म्हणाले, "मला काय माहीत. तूच सांग."

"मी नाय सांगनार. कोनीच सांगनार नाय. कुठला कांदा? कवा काढला? पात वाळवली व्हती का वलाच भरला? मान जाड का बारीक? चाळीला खालनं हवा हाय का? आधी हे सांग, मंग मी सांगते. सगळ्या तालुक्याचा कांदा एक केला आन म्हनला एवढा टिकतो, तर त्यो आकडा कोनत्या चाळीचा?"

"कुठल्याच नाही."

"मंग त्यो माझा कसा?"

पदवीच्या तीन वर्षांत मला एवढं स्वच्छ कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "आई, मला हेच सांगायचं होतं."

"तुला हे सांगायचं व्हतं तर पाच वर्षं कुठनं आली?"

आता मात्र पळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. टक्का ऐकून मी घाबरले, तो सांगवला नाही, वर्षं सांगितली, तू पंचवार्षिक म्हणालीस, मी हं म्हणाले. ऑपरेशन न करता का, याला पण हं म्हणाले.

आई रागावली की अहिराणीत जाते. ती तिच्या माहेरची भाषा, आमच्या घरात फक्त भांडणाला काढायची. "माले शिकाडू नको," ती म्हणाली, मला शिकवू नकोस, आणि पुढं बरंच काही म्हणाली जे छापता येणार नाही. मग ती मराठीत परत आली.

"पाच वर्षं तुझ्या बापाची व्हती का वाटायला?"

"माझी कशाला असतील?" बाबा म्हणाले. "मला तर भाकरीलाच पुरंनात."

आई हसली नाही. "माझ्या जिवाचा कागद," ती म्हणाली, "आन मला न वाचता सही करायला लावली तू."

माझ्यावर आजवर जेवढे आरोप झाले त्यातला हा एकच पूर्ण खरा आहे. बाबांनी एवढ्या वेळात पहिल्यांदाच शेंगदाण्याचा हात थांबवला. खाली भाजीची गाडी ओरडत गेली, तिला हाक मारायचंही कोणाला सुचलं नाही.

शेवटी बाबांनीच विचारलं, "मंग आता?"

"आता काय," आई म्हणाली. "चाळीत एक कांदा नासका दिसला तर काय करता?"

"काढतो."

"का पानी सुटस्तोवर बघत बसता?"

"काढतो की."

"मंग मला काय इचारताय. हिला सांगा फोन लावाया. आन मी येनार त्या डॉक्टरकडं, मी बोलनार. ही मधी नको."

मी मध्ये नको होते तरी बरोबर गेले, कारण रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता मलाच माहीत होता. केबिनमध्ये आईनं मला मागच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः टेबलाजवळ बसली.

"तुमी हिला इंग्लिशमधी टक्का सांगितला. त्यो कुठल्या चाळीचा?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी मागनं चाळ समजावून सांगितली. एकदा घास समजावला होता, आता चाळ. त्या माणसाचा शेतीचा अभ्यास आमच्यामुळं पुरा होत आला होता. पण माणूस हुशार, लगेच धरलं. ते म्हणाले, "मावशी, तो सगळ्या चाळी मिळून काढलेला आकडा आहे. त्यात उशिरा आलेले आहेत, पसरल्यावर आलेले आहेत, ज्यांचं बाकीचं लिव्हर आधीच निकामी झालं होतं ते आहेत. तुमची गाठ लहान, एकच, आणि उरलेलं लिव्हर काम करतंय. तुमच्यासारख्यांचं त्या आकड्यापेक्षा बरं चालतं."

"बरं म्हंजी किती?"

"तुमचं एकटीचं मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही."

"हां," आई म्हणाली, आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. "लिव्हर घासावानी परत वाढतं म्हनला व्हता तुमी. मंग गाठ बी वाढंल परत?"

"येऊ शकते. लपवत नाही. काढली म्हणजे संपलं असं मी म्हणणार नाही. म्हणून कावीळ दाबून ठेवायची गोळी रोज, आणि दर काही महिन्यांनी तपासणी, ती मात्र चुकवायची नाही."

"किती वर्षं?"

"आहात तोपर्यंत."

"आन ऑपरेशन नाय केलं तर?"

"तर ती वाढणार. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. पण थांबेल असं मला वाटत नाही."

आईनं मान हलवली. "सरळ बोलतो," ती बाबांना म्हणाली, डॉक्टर समोर बसलेले असताना. "हिच्यावानी कारकुनी नाय करत."

ऑपरेशन खर्चाचं होतं, पण सरकारी योजनेत बसलं. तो किस्सा कागदपत्रांचा आहे आणि कंटाळवाणा आहे, फक्त एवढंच की त्या रांगेत ग्रामपंचायतीच्या माजी सदस्य उभ्या आहेत हे खिडकीपलीकडच्या माणसाला दहा मिनिटांत कळलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आल्या. इथं सही करा मावशी. मला पुढचं माहीत होतं, मी खुर्ची ओढून बसले.

"वाचून दाखवा."

सिस्टरना घाई होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, वाचा, दुसरा इलाज नाही. त्यांनी वाचायला घेतलं. एका ओळीला आईनं हात वर केला. मला समजेल अशा भाषेत सर्व माहिती देण्यात आली आहे, अशी ती ओळ होती.

"हे अर्धं खरं हाय," आई म्हणाली. "डॉक्टरनं दिली. पोरीनं शेंगदान्यात दिली. त्यातली शेंगदान्यातली खोडा."

"मावशी, पोरीचं याच्यात येतच नाही."

"नाय ना येत? मंग बरं."

पुढं भुलीच्या धोक्याची ओळ आली, रक्तस्रावाची आली, क्वचित मृत्यूची आली. मला वाटलं इथं ती थांबेल. ती म्हणाली, "पुढं वाचा." बाबा दाराबाहेर जाऊन उभे राहिले. सगळं वाचून झाल्यावर आईनं पेन घेतलं आणि सही केली, सावकाश, माझ्या पाटीवर शिकलेली. माझ्याकडं साक्षीदाराची सही मागितली तेव्हा मीही आधी सगळा कागद वाचला. आईनं मला तेवढा वेळ दिला.

ऑपरेशन लांबलं. जितका वेळ सांगितला होता त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. नंतर डॉक्टर बाहेर आले, गाठ पूर्ण निघाली म्हणाले, आणि मला इंग्रजीत अजून काही विचारायचं आहे का असं विचारलं. मी नाही म्हटलं.

आई शुद्धीवर आली तेव्हा पहिलं बाबांना म्हणाली, "काय खाल्लं?" बाबा म्हणाले, "भाकर." ते खोटं होतं. आम्ही वडापाव खाल्ला होता.

या गोष्टीला आता तीन वर्षं होऊन गेली. आई कावीळ दाबायची गोळी रोज घेते. बाबांना आणि मला बी काविळीची लस टोचून झाली आहे. आईची एकही तपासणी चुकलेली नाही, आणि गेल्या महिन्यात झालेल्या तपासणीतही लिव्हरमध्ये नवीन गाठ नाही. ती परत येऊ शकते, हे तिला माहीत आहे. तो टक्का किती होता हेही मी तिला नंतर सांगितलं. तिच्या आजाराबद्दल मला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक नाही, असं आता काही उरलेलं नाही.